आईच्या मुठीतला अंगठा

भंडारा,
दि. ८ जानेवारी २०२४

चि. खुशबू, चि. रूपा, आणि जिला हे पत्र वाचून दाखवायचं ती माझी आई,

सप्रेम जयभीम, वि. वि.

माझ्या घरच्या बायांनो, आपली एक तक्रार सारखी आहे. आपल्या दारी कागद येतो तेव्हा तो कुणी वाचून दाखवत नाही. थेट शाईचा डबा पुढे करतात. आजीच्या बाबतीत हेच झालं, आईच्या बाबतीतही. खुशबू, तू तर बारावी शिकलीस, तरी तुझी कथा वेगळी नाही.

परवा, रूपा, तुझ्या नवऱ्याने, अनुपने, मला मोबाईलवर एक फोटो पाठवला. स्टॅम्पपेपर, त्यावर तिकीट, गोल लाल शिक्का. खाली लिहिलं होतं, "ताई, बांधी माझी झाली, विषय संपला." मजकूर मोठा करून वाचला. तलावाखालची आईच्या नावची धानाची बांधी तिने एकुलत्या मुलाला बक्षीस दिली आहे म्हणे. साक्षीदार म्हणून खुशबू, तुझी सही आहे. तुला फोन केला तर तू सांगितलंस की अनुप दिघोरीला आला, चहा प्याला, दुमडलेला कागद पुढे केला, आणि पीकविम्याचं काम आहे म्हणाला. तू घडी उघडूनही पाहिली नाहीस. भावाच्या हातचा कागद उघडून पाहणं म्हणजे भावावर संशय घेणं, असं आपल्याला कुणी शिकवलं?

आणि हा लाल शिक्का. आपल्या गावात तो बाजाराच्या दिवशी साकोलीला जाणाऱ्याच्या हाती मागवतात, जसा कुणी लसूण मागवावा. कागद जातो, माणूस कायले जाईल, असं म्हणतात. नोटरीला सरकारने नेमलं ते कशासाठी? त्याने माणूस समोर उभा करावा, ओळख पटवावी, मजकूर समजला का ते विचारावं, आणि सही मर्जीने होते आहे हे डोळ्यांनी पाहावं. मग शिक्का मारावा. तो शिक्का म्हणजे त्याने पाहिल्याची ग्वाही आहे. आई, तुला त्यांनी पाहिलं का? तू साकोलीला गेली होतीस का? रूपाचा फोन चार दिवस लागत नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या तोंडचं उत्तर हवं.

माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
दीपमाला

*

एकोडी,
दि. १३ जानेवारी २०२४

चि. दीपमाला हिस आई लीलाबाईचा अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. आम्ही सर्व खुशाल आहोत. यंदा लाखोरीचे पीक चांगले आले आहे. तुझ्या पत्रावरून कळविते की, मी माझी बांधी चि. अनुप यास कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने दिलेली आहे. त्याबद्दल माझी अगर माझ्या कोणत्याही वारसांची काहीएक तक्रार नाही व पुढेही राहणार नाही.

मी अंगणात पाय घसरून पडली. डाव्या हाताला थोडे लागले आहे. काळजी करू नये. तू कामाची बाई आहेस, येण्याची तसदी घेऊ नये.

येणेप्रमाणे लिहून दिले. लोभ आहेच, तो तसाच राहावा.

आई
(लिहिणार सौ. रूपा)

*

एकोडी,
दि. १६ जानेवारी २०२४

आद. ताईस,

रूपाचा सविनय जयभीम, वि. वि.

हे पत्र शेजारच्या निर्मलाबाईंच्या घरी बसून लिहीत आहे. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर पाठवा. आमच्या घरी आलेलं तुमचं पहिलं पत्र यांनी फोडलं, आणि उत्तर माझ्या डोक्याशी उभे राहून लिहवून घेतलं. आईंचं नाव घालून मी लिहिलं ते वाचून तुम्ही ओळखलं असेलच. आईंनी आयुष्यात "काहीएक" म्हटलं नाही.

ताई, आई पडल्या नाहीत.

त्या दिवशी यांनी आधी लुगडं आणलं. गोड बोलले. महामार्गाला बांधीचा तुकडा लागून आहे, तिथं ढाबा टाकतो, तुला गल्ल्यावर बसवतो म्हणाले. आई हसल्या. मी मेल्यावर काय करायचं ते कर, म्हणाल्या, तोवर तिथं धानच होईल. पुन्हा मागितलं, पुन्हा नाही म्हणाल्या. तेव्हा कानाखाली मारलं. आई खाली बसल्या आणि डाव्या हाताची मूठ करून मांडीखाली दाबून धरली. बाईचा डावा अंगठा घेतात हे त्यांना माहीत होतं.

मी मधे गेली तर माझा फोन भिंतीवर आपटला, मला केसाला धरून चुलीकडे लोटलं. मग आईंच्या छातीवर गुडघा ठेवला. मांडीखालून हात ओढून काढला. बोटं एकेक करून उघडली, अंगठा मुठीत होता तो विळ्याच्या मुठीने उचकटला. वाळलेल्या तुरीची काडी मोडावी तसा आवाज आला. तो मोडलेलाच अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. आईंनी ओढला म्हणून ठसा फरकटला. तुमच्याकडच्या फोटोत नीट पाहा, ठशाला शेपूट आहे.

कागद घेऊन ते साकोलीला गेले आणि दिवेलागणीच्या आत शिक्का मारून आणला. आल्यावर जेवताना मला सांगत होते, वकीलसाहेब ओळखीचे निघाले, बाई कुठे आहे हे विचारलंसुद्धा नाही, आधारची झेरॉक्स पाहिली आणि काम झालं. विचारलं असतं, ताई, तर त्यांना हात दिसला असता. तो तेव्हा दुधी भोपळ्यासारखा सुजला होता. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी नेलं.

पोलिसात जाऊ का म्हटलं तर आईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. माझा पोट्टा आहे, म्हणाल्या. मी काय करू ते सांगा. आणि रागाच्या भरात काही करू नका.

आपली,
रूपा

*

भंडारा,
दि. २० जानेवारी २०२४

अनुप,

जयभीम म्हणायला तोंड होत नाही, तरी म्हणते. तो शब्द तुझ्या बापाने तुला बोलायला शिकवला.

मला सगळं कळलं आहे. कुणाकडून, ते विचारू नकोस. फोटोतल्या ठशालाच शेपूट आहे, तोच बोलतो. आपल्या पणजोबांचा अंगठा सावकार घेत असे. तो ओट्यावर बसायचा आणि पणजोबा अंगणात उभे राहायचे, शाईचा डबा वरून खाली यायचा, अंगठ्याला शिवायला नको म्हणून सावकार हात आखडून घ्यायचा. त्याच्याविषयी मी शंभर सभांमध्ये बोलले. लोक मुठी आवळून ऐकतात. आता पुढच्या सभेत काय सांगू? तो सावकार परका होता आणि त्याने निदान हाड मोडलं नव्हतं, हे सांगू? एक अख्खी पिढी छप्पन साली उठून उभी राहिली, ती यासाठी, की तिच्या नातवाने आईच्या छातीवर गुडघा ठेवावा?

आणि मिळवलंस काय? ऐक आता, कायद्याचं ऐक. जमीन बक्षीस द्यायची तर नोटरीचा शिक्का पुरत नाही. तो कागद तू कपाळाला चिकटवून फिर, सातबाऱ्यावरचं एक अक्षर हलणार नाही. बक्षीसपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात करावी लागते. तिथे आईला स्वतः जावं लागेल. तिचा फोटो काढतील, अंगठा यंत्रावर घेतील, आणि अधिकारी तिला तोंडावर विचारील की बाई, स्वखुशीने देता का? तेव्हा ती काय म्हणेल, सांग. ज्या लाल शिक्क्यासाठी तू आईचं हाड मोडलंस, तो तुझ्या ढाब्याच्या भिंतीवर चिकटवायच्या लायकीचा आहे.

तो मूर्ख कागद फाड. आईच्या पाया पड. रूपाला हात लावशील तर मी तुझ्या दारात सभा घेईन.

तुझी मोठी बहीण, अजूनही,
दीपमाला

*

एकोडी,
दि. २४ जानेवारी २०२४

ताईस अनुपचा जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भाषण बाजूला काढलं, कामाचं तेवढं घेतलं. निबंधकाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. तू शिकलेली आहेस, उपयोगी पडलीस.

तू सभा घेत होतीस तेव्हा बाबांचं हागणं-मुतणं तीन वर्षं मी काढलं. त्यांची पाठ सडली होती, तिच्यातले किडे मी या बोटांनी वेचले. तू जयंतीला यायचीस, खुर्चीवर बसायचीस, निळी साडी नेसून बोलायचीस, लोक टाळ्या वाजवायचे. संध्याकाळच्या बसने परत. खुशबू तर माहेरी पाहुणीसारखी येते. मग बांधी कोणाची? कायदा राहू दे, तू तुझ्या मनाला विचार.

आईला मंगळवारी घेऊन जातो. काय बोलायचं ते तिला शिकवून ठेवतो, वेळ आहे. आणि तू एकोडीत पाय ठेवू नको. ठेवलाच तर चालत परत जाशील असं मी लिहून देत नाही. मंगरूचा पोरगा आहे मी, बोलतो ते करतो.

रूपाने पत्र पाठवलं हे मला समजत नाही असं समजू नको.

अनुप

*

एकोडी,
दि. २ फेब्रुवारी २०२४

आद. ताईस,

जयभीम, वि. वि.

तुम्हाला मी लिहिलं होतं, रागात काही करू नका. ताई, तुम्ही त्यांना कायदा काहून शिकवला? तुमचं पत्र त्यांच्या हाती पडलं त्याच दिवशी सांजेला घरात तालीम सुरू झाली.

आईंना खाटेवर बसवायचे, समोर स्वतः बसायचे. निबंधकाच्या आवाजात विचारायचे, "बाई, स्वखुशीनं देता का?" आईंनी हो म्हणायचं. आई गप्प राहिल्या की बेशरमाच्या झुडपाच्या काडीने पोटरीवर एक. पुन्हा तोच प्रश्न. मी दाराबाहेर बसून कान दाबून घ्यायची. शेवटी आई हो म्हणायला लागल्या. प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणायच्या. ते खूश झाले, रात्री त्यांच्यासाठी कोंबडी आणली. आईंनी खाल्ली नाही.

मंगळवारी गाडीवर मधे आईंना बसवलं, मागे मी, पडू नये म्हणून धरायला. साकोलीला कार्यालयात गर्दी होती. नंबर आला. खिडकीमागे अधिकारी बाई होत्या. त्यांनी आईंचा प्लास्टरचा हात पाहिला आणि यांना म्हणाल्या, तुम्ही बाहेर थांबा, तुमच्या बायकोलाही घेऊन जा. हे तावातावाने बोलले, तरी थांबावं लागलं. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. त्या बाई खुर्ची सोडून आईंच्या बाजूच्या बाकावर येऊन बसल्या. कागद आपल्या बोलीत समजावून सांगितला. मग विचारलं, स्वखुशीने देता का.

आई गप्प. पुन्हा विचारलं, गप्प. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आईंनी प्लास्टरचा हात पदराखाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. हो म्हटलं नाही, ताई. इतकी तालीम होऊन म्हटलं नाही. बाईंनी कागद परत दिले. यांना म्हणाल्या, या बोलतील तेव्हा आणा. आणि मी आईंना उठवायला आत गेली तेव्हा त्यांना हळूच म्हणाल्या, एकट्यानंही येता येतं.

परत येताना जंगलाच्या बाजूला गाडी थांबवली. मला धक्का देऊन पाडलं. आईंना रस्त्याकडच्या नालीत उतरवलं आणि बेल्ट काढला. ट्रकवाल्याने हॉर्न दिला म्हणून थांबले. आईंच्या उजव्या कानातून रक्त येत होतं. अजून त्या कानाने ऐकू येत नाही.

घरी आल्यावर त्यांनी कुऱ्हाड काढली. आईंसाठी की माझ्यासाठी, मला माहीत नाही, विचारायला थांबली नाही. अंगणात बैलबंडी उभी होती. तिच्या कडेचा दांडा, उभारी, उपसली आणि मागून मारली. पहिला तडाखा खांद्यावर बसला, कुऱ्हाड सुटली. दुसरा गुडघ्यावर. तिसरा मारणार होती, तर आईंनी माझे पाय धरले. त्यांच्या आवाजाने निर्मलाबाई आणि शेजारचे गोमाजी काका धावत आले, कुऱ्हाड उचलून आपल्या घरी नेली.

ते आता साकोलीत दवाखान्यात आहेत. डॉक्टरला सांगितलं, बंडी अंगावर उलटली. पडल्याचा बहाणा याही वेळी चालला. पण सुट्टी झाली की ते घरी येतील. मला तुरुंगात घालतील का? घालू दे. आईंचं काय?

रूपा

*

भंडारा,
दि. ५ फेब्रुवारी २०२४

चि. रूपास अनेक आशीर्वाद, जयभीम.

तुझा ठपका मान्य आहे. वाद घालत नाही. तू उभारी उचललीस तेव्हा मी इथे एका व्याख्यानाची तयारी करत होते.

आता काम. तो खोटा कागद तलाठ्याकडे जाण्याआधी आईचं खरं म्हणणं कागदावर आलं पाहिजे, आणि तेही शपथेवर. साकोलीत दुसऱ्या एक नोटरी आहेत, त्यांच्याशी बोलले. माणूस समोर आल्याशिवाय मी पेनही उघडत नाही, म्हणाल्या. तेच हवं. आईच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी केला आहे, सोबत जोडते. साडेतीन पानं झाली. त्याची एक प्रत तलाठ्याला हरकतीसोबत, एक पोलिसांना. आईला वाचून दाखव. मी येते, तिच्या वतीने सगळं मी बोलते. तिने फक्त अंगठा द्यायचा. खुशबूही येईल, दुमडलेल्या कागदावरच्या सहीचं तीही शपथेवर सांगायला तयार आहे.

एवढंच विचार, अनुपचं नाव घालू की नको. मसुद्यात तिथे मी जागा सोडली आहे.

जिवाला जप.

दीपमाला

*

एकोडी,
दि. ७ फेब्रुवारी २०२४

दीपमाला व खुशबू, दोघी पोरींले मायचा जयभीम.

हे मी बोलून राह्यली, रूपा लिवून राह्यली. या वक्ताला डोक्यापाशी कोनी उभा नाही. निर्मलाबाई बसली हाय, ते लाखोरी निवडून राह्यली.

दीपमाला, तुया कागद रूपानं वाचला. साडेतीन पानं आयकली. चांगला हाय, पर त्यातली बाई मी नोहो. ते "अमानुष" म्हनते, "वारसा" म्हनते. मले ते शब्द येत नाही. त्या बाईचा अंगठा मी कशी देऊ? तो कागद चुलीत टाकला, रागावजो नोको.

तू म्हनतं, तिनं फक्त अंगठा द्याचा. अनुप बी हेच म्हने.

त्या हापिसातली बाई माया बाजूले येऊन बसली, अन् इचारलं मले. लगीन लावलं तवा कोनी इचारलं नोहोतं. तुमचा बाप चांगला होता, पर बांधी माया नावानं केली तवा त्यानं बी नोहोतं इचारलं, अंगठा दे म्हने, म्या देल्ला. या बाईनं इचारलं, अन् मग थांबली. उत्तराची वाट पाह्यली तिनं. मले वाटलं, हो म्हनलं त बांधी जाते, नाही म्हनलं त भायेर पोरगा उभा हाय. तोंडातून काहीच नाही निघलं. घरी येऊन लय इचार केला. मार त गप्प राहूनबी बसला. मंग बोलूनच काहून नाही खावा?

आता बोलतो. त्या नोटरीन बाईले सांगजो, मी बोलीन तसं लिवा. माया बोलीत लिवा. लिवलं का वाचून दाखवा, डाव्या कानापाशी, उजव्यानं आयकू येत नाही. मंग इचारा, लीलाबाई, हे खरं हाय का, तुमच्या मर्जीचं हाय का. मी हो म्हनीन. मंगच अंगठा. डावा पिलास्टरात हाय, त उजवा घ्या, अन् डावा काहून नाही तेबी लिवा.

नाव टाकू का म्हनतं. टाकाचं. अनुप मंगरू, माया पोटचा. मीच सांगीन, तू सांगू नोको. त्यानं बापाची सेवा केली, हेबी सांगीन, ते खरं हाय. माया छातीवर गुडगा ठेवला, हेबी सांगीन, तेबी खरं हाय. दवाखान्यातून आला त भात त्याले मी वाढीन. बांधी देनार नाही. अन् रूपानं मारलं ते मले वाचवाले मारलं, हे पोलिसात मीच सांगीन. माया सुनेले कोनी हात लावाचा नाही.

पोरींनो, सोमवारी बारा तारखेले अकरा वाजता साकोलीले तहसीलीपाशी येजा. कागद आनजा नोका, लिवलेलं काही आनजा नोका. माया मांगं उभ्या राहा अन् तोंड बंद ठेवा. मी बोलतो.

लीलाबाई, तुमची माय